चिकटपट्टीखालची नावं

पहिली चिकटपट्टी अक्कांनी स्वतःच काढली. वाटीत कोमट पाणी, शेजारी स्पिरिटची बाटली, हातात कापसाचा बोळा. जखमेवरची पट्टी सोडवावी तशी त्यांनी ती आधी भिजवली, नखानं एक कड मोकळी केली आणि हळूहळू ओढली. खाली निळ्या शाईत एका बाईचं नाव होतं, तिच्या बापाचं नाव, गाव, तालुका. शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होतं.

"स्कॅन नीट आलंय का बघायचं तर मला हे वाचावं लागणार, अक्का," मी म्हटलं.

"वाच की. पण मनात ठेवू नकोस."

त्या स्वतः मात्र भिंतीकडं तोंड करून बसल्या. रजिस्टरातली ही सगळी नावं त्यांच्याच हातची होती आणि बहुतेक पाठही असतील, तरी त्या बघत नव्हत्या. मला मनातल्या मनात हसू आलं. म्हातारपणी माणसं कशाकशाचं सोवळं पाळतात, असं मला वाटलं. मी तेव्हा पस्तिशीची होते आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती.

ही गोष्ट २००९ सालची, मिरजेतली. अक्का म्हणजे गौराक्का हुक्केरी. दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून त्यांनी कृष्णाघाटाच्या रस्त्याला 'कुसुमाई बालसदन' चालवायला घेतलं, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरी तिथं यायच्या, दवाखान्यात बाळंत व्हायच्या आणि बाळ अक्कांच्या स्वाधीन करून परत जायच्या. बाळं पुढं दत्तक जायची. पोरगी निघाली की अक्का तिला फाटकापर्यंत सोडायला जायच्या आणि एक शब्द द्यायच्या, की तुझं नाव या दाराबाहेर जाणार नाही. नियमानं नाव लिहून ठेवावं लागायचं म्हणून त्या लिहायच्या, आणि शाई वाळली की त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून टाकायच्या. नर्सबाईंचा बंदोबस्त तो तेवढाच. एकशे सात पट्ट्या होत्या आणि इतक्या वर्षांत त्यातली एकही कुणी उचकटली नव्हती.

आणि मी वैजयंती कोठावळे. लक्ष्मी मार्केटजवळ माझा संगणकाचा वर्ग होता. बालसदनाला मदत करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं त्या वर्षी नवीनच टूम काढली. पुढची मदत हवी तर तंत्रज्ञानाचा आणि माहितीच्या सुरक्षेचा आराखडा करून पाठवा, म्हणे. बालसदनात संगणक एकच, आणि तो सुरू करणारी मालन ही एकच बाई. आराखडा हा शब्द ऐकूनच मालनला घाम फुटला. मग मला बोलावणं आलं. मिरजेत त्यातलं कळणारी मीच, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. मी एक पैसा न घेता काम पत्करलं आणि त्याबद्दल स्वतःवर खूश झाले.

चौदा पानांचा आराखडा केला मी. विजेची सोय, दुसरी प्रत कुठं ठेवायची, कुणी काय उघडायचं आणि काय नाही, सगळं त्यात होतं. सगळ्यात वरचं काम होतं जुनी रजिस्टरं संगणकात घेणं. २००५च्या महापुरात बालसदनात कंबरभर पाणी शिरलं होतं, तेव्हा मालननं रजिस्टरं डोक्यावर घेऊन गच्ची गाठली म्हणून ती वाचली. तरी खालची पानं भिजलीच. पुन्हा पूर आला की ती जाणार, हे कुणीही सांगितलं असतं.

अक्का पहिल्यांदा तयारच होईनात. बाकीची पानं हवी तर घे म्हणाल्या, पण पट्टीखालचं तसंच राहू दे. "कागद वाहून गेला तर जाऊ दे की. त्या नावावाचून कुणाचं काय अडलंय?"

मी त्यांना समजावलं. उद्या त्यातल्या एखाद्या मुलाला रक्ताचा आजार झाला, डॉक्टरांनी आईची माहिती मागितली, तर कुठून आणणार? त्या दोन दिवस विचार करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच एक तोड काढली. नावांची तेवढी पानं वेगळी बांधायची, लाखेचा शिक्का मारायचा आणि बँकेच्या लॉकरात ठेवून द्यायची. पूर आला तरी बँक वरच्या मजल्यावर आहे.

मी हसले. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी खरंच हसले. अक्का, तो जमाना गेला, असं काहीतरी म्हणाले. संगणकातलं कुलूप लाखेच्या शिक्क्यापेक्षा पक्कं असतं हे त्यांना पटवायला मला तासभर लागला. शेवटी त्यांनी विचारलं, "हे नाव तुझ्या यंत्रातनं बाहेर जाणार नाही, असं सांगतेस मला?"

"नाही जाणार, अक्का."

हे मी स्कॅनरची वायर जोडता जोडता बोलले. मान वर करून त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तीन दुपारी आम्ही दोघी बसलो आणि एकशे सात पट्ट्या काढल्या. प्रत्येक पानाला मी बाळ ज्या दिवशी दाखल झालं ती तारीख दिली. तारीख टाकली की पान समोर. ही माझी युक्ती मला इतकी आवडली होती की मालनला मी ती चार वेळा करून दाखवली. पानं ज्या कप्प्यात ठेवली त्याला संगणकाचाच पासवर्ड घातला.

आता त्या पासवर्डाचं सांगितलं पाहिजे. बालसदनात बाळ आलं की बाराव्या दिवशी अक्का त्याचं बारसं करायच्या. आणि बारसं झालं की मालन संगणकाचा पासवर्ड बदलायची. नवीन बाळाचं जे नाव, तोच नवीन पासवर्ड. ही रीत अक्कांचीच. इथल्या पोराला हाक मारायला आई नाही, आजी नाही. दिवसातून दहा वेळा तरी कुणाच्या तरी मनात त्याचं नाव आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मालन रोज सकाळी बाळाचं नाव टाइप करायची आणि मगच कामाला लागायची. वर्गात पोरांना मी घसा कोरडा करून सांगायची, की नाव, जन्मतारीख, गावाचं नाव असलं काही पासवर्ड म्हणून ठेवू नका. इथं मात्र मी विरघळले. आराखड्यात एक रकाना होता, पासवर्ड नियमित बदलला जातो का? मी त्यापुढं 'होय' लिहिलं. पुण्याहून त्या उत्तराचं खास कौतुक आलं.

बारशाला कोण यायचं? सगळं गाव. देणगी देणारे, शेजारचे, पूर्वी इथून दत्तक गेलेली मुलं त्यांच्या आईबापांबरोबर. पाळण्याची गाणी व्हायची, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं जायचं, मग ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं जायचं. म्हणजे एकशे सात बायकांच्या कुलपाची किल्ली आम्ही पाळणा हलवून जाहीर करत होतो आणि वर घुगऱ्या वाटत होतो. मी स्वतः दोन बारशांना होते. घुगऱ्या खाल्ल्या.

ऑगस्टमध्ये केतकी नावाच्या मुलीचं बारसं झालं. त्यानंतर आठवड्याभरातली एक दुपार. माझ्या वर्गाची तीनची तुकडी सुटली आणि सगळी पोरं गेली तरी अनुजा मगदूम जागेवरून उठेना. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, माझ्या वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिला पुढच्या परीक्षेसाठी फी न घेता बसवलं होतं. आज तिचा चेहरा उतरला होता. काय झालं विचारलं तर ती समोरच्या बंद पडद्याकडं बघत म्हणाली,

"मॅडम, मी बालसदनातली आहे. तुम्हाला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं. तिच्या आईवडिलांनी तिच्यापासून ते कधीच लपवलं नव्हतं. उलट ती ज्या दिवशी बालसदनात आली, तो दिवस ते दरवर्षी वाढदिवसासारखा करायचे, आणि तिला घेऊन अक्कांच्या पाया पडायला जायचे. म्हणजे तारीख तिला ठाऊक होती. केतकीच्या बारशाला ती गेली होती. मालन बाहेर घुगऱ्यांच्या पुड्या बांधत होती. ऑफिसचं दार उघडं होतं. त्या आधीच्या बारशाला मालननंच तिला कौतुकानं सांगितलं होतं, की आमच्याकडं पासवर्ड कसा ठरतो बघ, आणि तारीख टाकली की जुनं पान कसं समोर येतं बघ. तीन मिनिटं लागली, म्हणाली. तारीख टाकली आणि पान समोर.

"मी काही मागायला गेले नव्हते, मॅडम. नुसतं बघून यायचं होतं मला. ती कशी दिसते, एवढंच."

आणि ती त्या गावी जाऊन आली होती. माहेरचा पत्ता पानावर होता, तिथून सासरचा काढायला तिला अर्धा दिवस लागला. आपण बचत गटांची पाहणी करायला आलो आहोत असं सांगून ती त्या घराच्या सोप्यात जाऊन बसली. सासूनं तिला बसायला दिलं, सुनेला हाक मारली. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. अनुजाचं नाक, कपाळ, भुवया, सगळं तिचंच होतं. सासूनं पोरीचं तोंड बघितलं, मग सुनेचं बघितलं, आणि विचारायचं काही उरलंच नाही.

"ती म्हणाली, मी हिला ओळखत नाही. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली," अनुजा म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, रिक्षा करून घरी पाठवलं. आणि मग मी पहिली गोष्ट काय केली? मालनला फोन करून पासवर्ड बदलायला लावला. अकरा अक्षरांचा, आकडे आणि खुणा घातलेला. घोडा उधळल्यावर तबेल्याला कडी घातली आणि बरंच काही केल्यासारखं वाटून घेतलं.

संध्याकाळच्या आत मी अक्कांकडं गेले. सगळं सांगितलं. त्या बाळांचे कपडे घडी करत होत्या, घड्या करायच्या थांबल्या नाहीत. अनुजानं कसं उघडलं, काय टाइप केलं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"घरात कोण होतं?"

"सासू."

"मग संपलं तिचं," एवढंच म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी दुपार झाली की बालसदनात जाऊन बसत होते. माझं तिथं काही काम नव्हतं. विश्वस्तांना आपण कळवायला हवं, माझी चूक मी लिहून देते, असं मी अक्कांना दोनदा म्हटलं. खरं म्हणजे मी ते अशा आवाजात म्हणत होते की त्यांनी 'राहू दे' म्हणावं. त्या नुसतं 'बघू' म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दुपारी ती आली. चाळिशीच्या आतली बाई, चांगली ठेवणीतली साडी, हातात कापडी पिशवी. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती, अनुजाच दारात उभी असल्यासारखं झालं. नवऱ्यानं तिला स्टँडवर आणून सोडलं होतं आणि पोरांना भेटायला यायचं नाही असं सांगून तो परतीच्या गाडीत बसला होता. दोन मुलगे होते तिला, धाकटा सातवीत. हे सगळं तिनं बसायच्या आधी, उभ्यानंच सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माल पोचवल्याची पावती द्यावी तसं ती सांगत होती.

अक्कांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही.

"तुमी शब्द दिलता मला."

"दिला होता," अक्का म्हणाल्या.

"ह्या फाटकात हुबं राहून दिलता. माजं नाव कुणाला कळायचं न्हाई म्हणून. एकोणीस वर्सं मी त्यावर झोपली. मग कुणी सांगितलं त्या पोरीला?"

मी भिंतीला टेकून उभी होते. मी बोलले असते, असं मला अजून वाटतं. पण मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलल्या.

"मी सांगितलं."

ती बाई त्यांच्याकडं बघतच राहिली.

"पोरगी दर वर्षी यायची," अक्का म्हणाल्या. "माझी आई कोण, माझी आई कोण म्हणायची. मला राहवलं नाही बाळ. मीच सांगितलं. चुकले मी."

बाई तोंड धुऊन येते म्हणून मागच्या नळावर गेली. ती दिसेनाशी झाली तशी मी अक्कांजवळ गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या वयातही नर्सचा हात होता तो, नाडी धरावी तसा धरला.

"तू गप्प बसायचं. पोरीनं चोरून नाव काढलं हे तिला कळायला नको. आयुष्यात एकदा बघितलं एकमेकींना, त्यात आईनं तिला चोर समजायचं? आणि उरलेल्या एकशे सहा जणी आहेत. अक्का चुकली म्हटलं तर माणसं समजून घेतील. नावंच उघडी पडली म्हटलं तर उद्या एक पोरगी या दारात यायची नाही. उकिरड्यावर टाकतील बाळं."

ती परत आली. अक्कांनी तिला इथंच राहा म्हणून विनवलं, स्वयंपाकघरात काम देते म्हणाल्या. "हितं? परत?" एवढंच ती म्हणाली. तिला भावाकडं जायचं होतं, तो ठेवून घेईल का याची खात्री नव्हती, पण दुसरं कुणी नव्हतं. अक्कांनी मला तिला स्टँडवर सोडून यायला सांगितलं. निघताना त्यांनी हात जोडले. बाईनं ते बघितलं आणि ती पायरी उतरली.

स्टँडवर गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं खालच्या फरशीकडं बघत विचारलं,

"ती पोर शिकतिया का?"

"हो. कॉलेजात आहे. हुशार आहे फार."

"तिला कोण बोलू नगा. माजं हे असं झालं ते पण सांगू नगा."

मी मान हलवली. मग तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"तुमी तितं काम करताय न्हवं? मला खरं सांगा. अक्कांनीच सांगितलं? मला त्यांच्या तोंडावरनं खोटं वाटलं."

अक्कांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं, हे खरं. पण ही बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला नीट कळत होती. तिचं घर गेलं होतं, मुलं गेली होती, भावाचा भरवसा नव्हता. तिला एकच गोष्ट परत हवी होती, आणि ती माझ्या हातात होती. पोरीचं नाव न घेताही मला सांगता आलं असतं. अक्कांनी शब्द मोडला नाही, माझ्या हातून चूक झाली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पोरीचं नाव त्यात कुठं येत होतं?

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं."

तिनं हळूहळू मान हलवली.

"मग कोणच न्हाई म्हणायचं जगात," ती म्हणाली.

गाडी लागली. मी पिशवी वर चढवून दिली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मी ते अक्कांसाठी बोलले, त्यांच्या आज्ञेत राहिले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या संस्थेचं पत्र आलं होतं. माझा आराखडा त्यांना इतका पसंत पडला होता की तो घेऊन मी इतर छोट्या संस्थांना शिकवावं अशी त्यांची इच्छा होती. ते पत्र त्या वेळी माझ्या पर्समध्ये होतं. मला माझं नाव खराब होऊ द्यायचं नव्हतं.

अक्कांनी विश्वस्तांनाही तेच सांगितलं. मीच सांगितलं, राहवलं नाही. विश्वस्त चांगली माणसं होती, त्यांनी गाजावाजा केला नाही. वय झालं, आता विश्रांती घ्या म्हणाले. पंचवीस वर्षांचं काम एका सह्यांच्या कागदावर संपलं. मागच्या बाजूची एक खोली त्यांना राहायला दिली. बारशांना त्या त्यानंतर बाहेर आल्या नाहीत, खोलीतूनच पाळण्याची गाणी ऐकायच्या असं मालन सांगायची. अनुजानं माझा वर्ग सोडला. तिला मी कधी काही सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

मी मात्र शिकवायला लागले. कोल्हापूर, सोलापूर, कऱ्हाड. वृद्धाश्रम, अंधशाळा, वाचनालयं, अशा दहा-बारा संस्थांची माणसं एका सभागृहात बसायची आणि मी त्यांना आराखडा कसा करायचा ते सांगायची. सुरुवातीला लोक जांभया द्यायचे. मग मला एक उदाहरण सापडलं. एका बालसदनात सगळा बंदोबस्त चोख होता, पासवर्ड नियमित बदलला जात होता, पण तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी भावनेच्या भरात एक नाव सांगून टाकलं, आणि एका बाईचा संसार उद्ध्वस्त झाला. त्या बाईचं गाव, घर, नवरा, सगळं मी रंगवून सांगायची. लोक हळहळायचे. शेवटी मी म्हणायची, लक्षात ठेवा, यंत्र फुटत नाही, माणूस फुटतो. सगळे ते वाक्य वहीत उतरवून घ्यायचे. पुण्याच्या साहेबांना तर ते इतकं आवडलं की त्यांनी फलकावर छापून घेतलं.

दोन वर्षांनी तोच कार्यक्रम मिरजेत झाला. सकाळचं सत्र चांगलं रंगलं होतं. मी उदाहरणाला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेत मला अक्का दिसल्या. बालसदनाच्या नव्या बाई त्यांना सोबत घेऊन आल्या होत्या. अक्का बऱ्याच वाळल्या होत्या, चष्म्याची काच जाड झाली होती. मी तिथं थांबू शकले असते. दुसरं काही सांगू शकले असते. पण साहेब मागं बसले होते आणि उदाहरण अर्ध्यावर आलं होतं. मी सांगत गेले. म्हाताऱ्या बाई म्हटलं, भावनेच्या भरात म्हटलं, गाव रंगवलं, नवरा रंगवला, आणि शेवटचं वाक्यही म्हटलं. सभागृहात सगळे लिहून घेत होते. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या.

चहाच्या वेळी मी तोंड चुकवून दाराकडं निघाले होते. त्यांनीच मला गाठलं. हातात कपबशी होती, बशीत चहा सांडला होता. आता त्या बोलतील, असं मला वाटलं. बोलाव्यात असंही वाटलं. दोन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

"चांगलं समजावतेस गं," त्या म्हणाल्या. मग इकडंतिकडं बघून आवाज एकदम खाली आणला. "फक्त एक कर, वैजू. माझं काय सांगायचं ते सांग. पण तिच्या गावाच्या खुणा सांगू नकोस. नवऱ्याचं काम पण सांगितलंस तू मघाशी. ऐकणाऱ्यात त्या बाजूचं कुणी असलं तर ओळखेल की तिला."

मी बरं म्हटलं. त्यांनी बशीतला चहा पिऊन टाकला आणि त्या चपला शोधायला गेल्या.